दोन रेषांमधली जमीन

पाणलोट विकासाच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. सुरुवात संगमनेर, पारनेर, पुरंदर अशा कमी पावसाच्या तालुक्यांत झाली आणि नंतरचा बराच काळ अकोले तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागात गेला. काम सांगायला सोपं होतं. डोंगरावर पडणारं पाणी जमेल तितकं डोंगरातच मुरवायचं, त्याच्याबरोबर वाहून जाणारी माती अडवायची. त्यासाठी आधी डोंगर कळायला हवा आणि तो कळण्याचं माझ्या हातातलं मुख्य साधन होतं भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट. तिच्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शाळेत भूगोलाच्या पेपरात भेटतात आणि पुढे बहुतेकांना कधीच लागत नाहीत. मला मात्र त्यांनी पाणी, माती आणि माणसं यांच्याकडे बघायला शिकवलं. ते शिक्षण कसं झालं, ते इथे सांगते.

आम्ही वापरायचो ती शीट १:५०,००० प्रमाणाची. तिच्यावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. लगतच्या दोन रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक आणि दर पाचवी रेषा ठळक, म्हणजे ठळक ते ठळक १०० मीटर. उंची सगळी समुद्रसपाटीपासून मोजलेली. एवढ्यावर उताराचं गणित मांडता येतं. दोन रेषांमध्ये २ मिलिमीटर अंतर असेल, तर जमिनीवर १०० मीटर चालल्यावर २० मीटर चढ लागतो. हा २० टक्के उतार झाला. अंतर १ मिलिमीटरवर आलं की उतार ४० टक्के. अर्ध्या मिलिमीटरवर तो ८० टक्के होतो आणि तिथे माणूस हात टेकतच वर जातो. रोजच्या सवयीनं हे आकडे मांडावे लागेनासे झाले. शीट उलगडली की कुठे दम लागणार, कुठे बैलगाडी जाईल, कुठे माती टिकलेली असेल, याचा अंदाज नजरेलाच येऊ लागला.

हे मला ज्या वरिष्ठांनी शिकवलं, ते नव्या माणसाला लगेच नकाशा देत नसत. ते अंगणात एक मोठं घमेलं ठेवायला सांगत. त्यात चिकणमातीचा डोंगर करायचा. एका बाजूला खडी चढण, दुसऱ्या बाजूला लांब सोंड, मध्ये एक घळ. मग बोटभर पाणी ओतायचं आणि पाण्याची कड मातीला जिथे टेकते, तिथून काडीनं रेघ मारायची. पुन्हा बोटभर पाणी, पुन्हा रेघ. शेवटी पाणी काढून टाकायचं आणि वरून सरळ खाली बघायचं. खड्या बाजूला रेघा दाटलेल्या दिसत, सोंडेवर त्या विरळ होत आणि घळीत आत शिरून परत बाहेर येत. पुढे मीही गावोगावच्या शाळांमध्ये आणि ग्रामसभांमध्ये नेमकं हेच करत आले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, अशा बायकांनीही त्या घमेल्याकडे बघून पाणी कुठून वाहणार ते बिनचूक दाखवलं आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी राहणाऱ्यांना तर घमेल्याचीही गरज पडत नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं, तशा त्याच्या काठच्या उतारांवर एकाखाली एक आडव्या रेघा उमटतात. त्या खऱ्याखुऱ्या समोच्च रेषा असतात, पाण्यानं स्वतः आखलेल्या.

नकाशावर नवशिक्याची सगळ्यात मोठी अडचण होते ती दरी आणि सोंड वेगळी ओळखण्याची. दोन्हीकडे रेषा टोकदार वळते. टोक जास्त उंचीच्या आकड्याकडे वळलेलं असेल तर तिथे ओढा किंवा घळ आहे; कमी उंचीकडे वळलेलं असेल तर ती डोंगराची सोंड. नियम एका ओळीचा आहे, पण तो नजरेत मुरायला वेळ लागतो. आम्हाला संध्याकाळी एक अभ्यास असे. शीटच्या प्रतीवर सगळे ओढे निळ्या पेन्सिलीनं आणि सगळे माथे तांबड्या पेन्सिलीनं काढायचे. शीटवर छापलेले मोठे प्रवाह तर काढायचेच, पण रेषांच्या वळणातून जिथे प्रवाह असायला हवा असं दिसतं, तेही शोधून काढायचे. कमी पावसाच्या तालुक्यांत शीटवर निळा रंग फारच थोडा दिसतो, कारण निळा रंग बारमाही पाण्याचा; उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे काळ्या रेघेनं दाखवलेले असतात. पारनेरच्या माळावरची शीट पहिल्यांदा समोर आली, तेव्हा तिच्यावरचं ते काळ्या रेघांचं जाळं बघूनच तिथलं दुखणं कळलं होतं. पाणी तिथे येत होतं, पण थांबत नव्हतं.

माथे आखता आले की पाणलोटाची हद्द आखता येते. ओढा जिथे गावाबाहेर पडतो तिथून सुरुवात करायची, प्रत्येक समोच्च रेषेला काटकोनात छेदत सोंडेवरून वर चढायचं, खिंडीतून पुढच्या टेकडीवर जायचं आणि पूर्ण फेरा मारून पलीकडच्या सोंडेनं त्याच जागी परत यायचं. या बंद आकारात पडलेला थेंब त्या एकाच तोंडातून बाहेर पडतो.

पुरंदर तालुक्यातल्या एका गावात या हद्दीनं आमची परीक्षा घेतली. तिथल्या लोकांनी श्रमदानाची तयारी दाखवली होती, पण अट एक होती, की गावच्या शिवेबाहेर एक कुदळही मारणार नाही. तलाठ्याकडून आणलेल्या गावनकाशावर प्रत्येक गट नंबर होता, वहिवाटीचे रस्ते होते, पण उंची कुठेच नव्हती. त्याच्याशेजारी आम्ही टोपोशीट ठेवली आणि पाणलोटाची हद्द तिच्यावर आखून दाखवली. गावाच्या विहिरींना पाणी देणाऱ्या ओढ्याचा निम्म्याहून अधिक वरचा भाग शेजारच्या गावच्या गायरानात निघाला. सभा बराच वेळ गप्प होती. मग एक वयस्कर शेतकरी उठले आणि म्हणाले, ‘शेजारचा डोंगर उघडा पडला तर गाळ आमच्याच बंधाऱ्यात येणार, हे कागद न बघताही ठाऊक होतं, बोलायचं कुणी, एवढंच होतं.’ दोन्ही गावांची एकत्र बैठक व्हायला त्यानंतरही दोन उन्हाळे गेले, पण झाली. लोकांना नवी माहिती देण्याइतकंच, त्यांना मनातून माहीत असलेलं सगळ्यांसमोर मांडण्याचं कामही नकाशा करतो, हे मी तिथे शिकले. त्या दिवसापासून मी कुठल्याही गावात दोन्ही नकाशे बरोबर नेऊ लागले. जमीन कुणाची, हे एकातून कळतं. त्या जमिनीवरचं पाणी कुणाचं, हे दुसऱ्यातून.

मात्र टोपोशीटवर भरवसा कुठपर्यंत ठेवायचा, हेही कामानंच शिकवलं. दोन रेषांमध्ये २० मीटर उंची असते. २० टक्के उताराच्या टेकडीवर त्या दोन रेषांमधली जमीन १०० मीटर रुंद भरते आणि तेवढ्या जागेत आम्हाला एकाखाली एक कितीतरी चर काढायचे असतात. चर कुठल्या टेकडीच्या कुठल्या अंगाला घ्यायचे, हे शीट सांगते. नेमकी कुदळ कुठे मारायची, ते जमिनीवर जाऊनच ठरतं. त्यासाठी आमच्याकडे साधी अवजारं असत. लाकडी ‘ए’ आकाराचा सांगाडा, त्याच्या शेंड्यापासून सोडलेला ओळंबा आणि आडव्या पट्टीवर केलेली खूण. ओळंब्याची दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत. नाहीतर दोन काठ्यांना बांधलेली पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही टोकांचं पाणी समान खुणेवर आलं की झालं. दोन माणसं ही अवजारं घेऊन पुढे सरकत, तिसरा मागून फक्की टाकत येई आणि संध्याकाळपर्यंत टेकडीच्या अंगावर पांढरी नागमोडी रेघ उभी राही. कागदावर जी रेषा केसाएवढी असते, ती तिथे पायाखाली असे. माझ्यासाठी या कामातला सगळ्यात समाधानाचा क्षण हाच.

सलग समतल चर म्हणजे या रेघेवर काढलेला साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असा सलग खणलेला पट्टा. त्याची सगळी ताकद तो समपातळीत असण्यात आहे. पाणी त्याच्या पूर्ण लांबीत सारखं उभं राहतं आणि जागच्या जागी मुरतं. एका ठिकाणी मुदत संपत आली म्हणून यंत्र लावून चर सरळ रेषेत काढले गेले. दिसायला ते फार देखणे होते. पाहणीला आलेल्यांनी कौतुकही केलं. पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी चरातून धावत सखल टोकाला जमलं, तिथला भराव फुटला आणि खालच्या शेतातून कमरेएवढी घळ पडली. ज्याचं शेत गेलं, त्या शेतकऱ्याशेजारी उभं राहून मी ती घळ पाहिली. जमिनीच्या अंगावर सरळ रेघ फार क्वचित सपाट असते आणि सपाट रेघ जवळजवळ कधीच सरळ नसते. हे वाक्य पुढे प्रत्येक प्रशिक्षणात मी त्या शेताची हकिकत सांगूनच उच्चारलं.

अकोले भागात गेल्यावर शिकवणारे बदलले. तिथल्या एका वाडीत बायका दूरच्या झऱ्यावरून पाणी आणत. वाडी आणि झरा यांच्यातलं सरळ अंतर थोडं होतं, पण त्यांची पायवाट डोंगराला लांबलचक वळसा घालून जायची. जवळची वाट का घेत नाही, असं मी विचारलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘भरल्या हंड्यानं चढायचं नसतं, बाई. लांबून गेलं तरी चालंल, पर पाय वर उचलायला नको.’ त्या रात्री मी ती वाट शीटवर काढून बघितली. जवळजवळ सबंध वाट एका समोच्च रेषेला समांतर होती. त्या भागातली भातखाचरंही अशीच. उतारावर एकाखाली एक असलेला खाचराचा प्रत्येक बांध म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला साक्षी ठेवून घातलेली समपातळीची ओळ. त्यांच्याकडे नकाशा नव्हता, पण नकाशा ज्यातून तयार होतो ते ज्ञान होतं. तेव्हापासून नव्या भागात गेले की मी आधी तिथल्या पायवाटा आणि बांध बघू लागले, रेषा नंतर.

सह्याद्रीची शीट वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. रेषा काही अंतर दाटतात, मग एकदम विरळ होतात, पुन्हा दाटतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून ही भूमी घडली. टणक थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. नकाशावरचा दाट पट्टा म्हणजे कडा, विरळ पट्टा म्हणजे ती पायरी. वाड्या, शेतं, देवराया बहुतेक या पायऱ्यांवर सापडतात. थरांच्या सांध्यातून झिरपणारं पाणीही अनेकदा कड्याच्या पायथ्याशी, पायरी सुरू होते तिथेच बाहेर येतं. झऱ्यांची नोंद करण्याचं काम आलं, तेव्हा आम्ही शीटवर अशा जागा आधी खुणावल्या, विशेषतः जिथे रेषा थोडी आत वळलेली आहे अशा. मग त्या त्या वाडीत जाऊन विचारलं. काही ठिकाणी खरोखर वाहता झरा होता, काही ठिकाणी नुसतंच एखादं जुनं उंबराचं झाड आणि ‘आमच्या लहानपणी इथं पाणी होतं’ अशी आठवण. आटलेले झरे कुठे होते हे कळलं, म्हणून त्यांच्या वरच्या पठारावर चर कुठे घ्यायचे हेही ठरवता आलं.

घाटमाथ्याच्या कडेला मात्र रेषा वाचायच्या राहतच नाहीत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा घाटघरचा कडा पाहा. रेषा एकमेकींना चिकटून तपकिरी जाड पट्टा होतो आणि त्याच्या पलीकडे एकदम कोकण. हा पट्टा शीटवर बोटाएवढाही रुंद नसतो, पण त्यात केवढी ताकद आहे! लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी खाली सोडून खोपोलीला वीज तयार होऊ लागली ती १९१५ साली, याच उतारामुळे. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्पही याच कड्यावर उभा आहे. त्याचं पाणी ४०० मीटरहून अधिक खाली कोकणात उतरतं आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा पुन्हा वर चढवलं जातं. या काठावर उभं राहून पाणलोटाची हद्द दाखवायला मला फार आवडे. माथ्याच्या पूर्वेला पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेला पडलेला अरबी समुद्राला. विद्यार्थ्यांना ते पुस्तकातून ठाऊक असतं. त्या जागी पाय ठेवल्यावर ते गप्प होतात.

याच भागात दोन रेषांमध्ये काय काय लपतं, तेही कळलं. एका पठारावरून खालच्या वाडीत उतरण्यासाठी शीटवर सोयीची सोंड दिसत होती; रेषा नीट अंतरावर होत्या, कड्याची खूण नव्हती. निघण्यापूर्वी आम्ही गुरं राखणाऱ्या एका मुलाला वाट विचारली. त्यानं मान हलवली. म्हणाला, मध्ये कातळ आहे, दोन पुरुष उंच; गुरंसुद्धा वळसा घेतात. दोन पुरुष म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास. २० मीटरच्या फरकानं आखलेल्या रेषांना तो कातळ दिसणं शक्यच नव्हतं. नकाशा खोटा नव्हता, त्याला तेवढं बारीक बोलता येत नव्हतं. राहिलेलं त्या मुलानं सांगितलं. रेषा वाचायला येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेबद्दल कुणाला विचारायचं हे कळणंही महत्त्वाचं आहे. माझ्या सगळ्या कामाचा सारांश या एका गोष्टीत येतो.

या रेषांमागची माणसं आठवली की मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर पृथ्वीची घनता काढण्यासाठी मोजमापं झाली. त्या असंख्य उंचींचं गणित करताना चार्ल्स हटन यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. समोच्च रेषेच्या सुरुवातीच्या वापरांपैकी तो एक मानला जातो. आपल्याकडे विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि काम करता करताच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा अंत झाला. त्यांच्यासारख्यांची नावं राहिली. साखळ्या ओढणारे, झेंडे धरून उन्हात उभे राहणारे, अवजारं डोक्यावर घेऊन शिखरं चढणारे खलासी मात्र कुठे नोंदले गेले नाहीत. शीटवर मोजणीची जागा दाखवणाऱ्या प्रत्येक लहानशा त्रिकोणापर्यंत कुणीतरी पायी गेलेलं आहे.

आता काळ बदलला आहे. पूर्वी शीट मिळवायला अर्ज, शिफारशी, खेपा लागत आणि किनारपट्टीच्या भागातल्या शीट तर सहजी मिळतच नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठीच्या खुल्या मालिकेचे नकाशे आले आणि पुढे ते इंटरनेटवर उतरवून घेण्याची सोयही झाली. २००० साली अंतराळयानातून रडारनं मोजलेल्या उंचींची माहिती जगभर मोफत आहे. संगणकाला सांगितलं की तो क्षणात कुठल्याही टेकडीच्या रेषा आखून देतो. हे मोठं वरदान आहे आणि मी ते भरपूर वापरलं. पण नव्या मुलामुलींना एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. उंचीचा एक आकडा साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनासाठी असतो, त्यातून संगणक १ मीटर फरकाच्या रेषाही काढून देतो. त्या दिसायला गुळगुळीत आणि खात्रीच्या वाटतात, पण त्यांच्यातला बराचसा भाग मोजलेला नसून अंदाजानं भरलेला असतो. झाडीच्या भागात तर रडार जमिनीऐवजी झाडांच्या पर्णछत्राची उंचीही मोजू शकतं. अशा रेषांवर बंधाऱ्याची किंवा चराची जागा ठरवू नका. पाण्याची नळी घ्या आणि टेकडीवर जा.

तुमच्या गावाचा नकाशा आज कुणालाही मिळू शकतो. तो छापून घ्या. त्यावर आपलं घर, आपली विहीर आणि आपला ओढा शोधा. ओढ्याचा माथा कुठे आहे आणि तो कुणाच्या हद्दीत आहे, ते तांबड्या पेन्सिलीनं काढा. मग पावसाळ्यापूर्वी एका सकाळी शाळेतली मुलं आणि गावातली एक-दोन जुनी माणसं बरोबर घेऊन त्या माथ्यावर चालत जा. वाटेत जिथे नकाशा आणि जमीन जुळत नाही, तिथे थांबा आणि जुन्या माणसांना विचारा. गावाच्या पाण्याचं नियोजन त्या विचारण्यापासून सुरू करा. अंदाजपत्रकं नंतर करता येतात.